प्रकल्प नोंदी: 'सभासद' क्लास आणि लांबीची तपासणी

२ जून २०२५, सोमवार

काम: नवशिक्यांच्या पायथन सरावातला 'सभासद' हा क्लास (एकाच प्रकारच्या नोंदींचा साचा) चालता करणे. वाचनालयाच्या सभासदाची नोंद, चार रकाने: नाव (२ ते ३० अक्षरं), मोबाइल (१० अंक), पिनकोड (६ अंक), कार्डाचा पासकोड (४ किंवा ६ अंक). पायथन ३.१२, बाहेरचं पॅकेज एकही नाही.

या नोंदींत कोडच्या ओळी देवनागरीत उतरवल्या आहेत. फाइलमध्ये कीवर्ड आणि आकडे रोमनच आहेत. आकड्यांबाबत तर ते सक्तीचंच आहे: सोर्समध्ये देवनागरी १० टंकलं की सिंटॅक्सएरर येतो. क्लासची आणि व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये मराठीत चालतात, त्यामुळे क्लासचं नाव 'सभासद'च ठेवलं.

फाइल आहे तशी चालवली. पहिलाच संदेश: 'टाइपएरर: सभासद() टेक्स नो आर्ग्युमेंट्स'. हा संदेश दिसला की तपासणीचा कोड वाचत बसू नये, आधी 'इनिट'चं नाव बघावं ('इनिट' म्हणजे ऑब्जेक्ट, क्लासवरून बनणारी एकेक नोंद, बनताना आपोआप चालणारं फंक्शन). इथे दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर हवेत तिथे एकेकच होता. एक अंडरस्कोर असला की पायथनच्या दृष्टीने ती साधी मेथड (क्लासमधलं फंक्शन) ठरते. ऑब्जेक्ट बनवताना ती कोणी बोलवत नाही, म्हणून 'हा क्लास काही घेतच नाही' अशी तक्रार येते. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन अंडरस्कोर जोडून एकच रेघ दिसते, तेव्हा डोळ्यांवर भिस्त न ठेवता कर्सर एकेक घर पुढे नेऊन मोजावं.

ते नीट केल्यावर दुसरा संदेश: 'टेक्स ४ पोझिशनल आर्ग्युमेंट्स बट ५ वेअर गिव्हन'. दिली चार, पायथन म्हणतो पाच. पाचवा म्हणजे खुद्द ऑब्जेक्ट, तो पायथन आपणहून पुढे पाठवतो. 'इनिट'च्या कंसात पहिला 'सेल्फ' नव्हता. एकचा फरक दाखवणारा हा संदेश जवळजवळ नेहमी याच कारणाने येतो.

आतल्या ओळीही पाहिल्या. 'सेल्फ.नाव = नाव' ऐवजी एका ठिकाणी नुसतं 'मोबाइल = मोबाइल' होतं. यावर चूक लगेच दिसत नाही. ऑब्जेक्ट बनतो आणि पुढे कुठेतरी 'एस.मोबाइल' छापायला गेलं की अ‍ॅट्रिब्यूटएरर येतो, तोही भलत्याच ओळीवर. दुरुस्त केलं.

३ जून २०२५, मंगळवार

आजचा संदेश: 'ऑब्जेक्ट ऑफ टाइप इंट हॅज नो लेन'. मोबाइल 'इंट(इनपुट(...))' करून, म्हणजे टंकलेल्या मजकुराची संख्या करून घेतला होता आणि पुढे 'लेन(मोबाइल)', म्हणजे त्याची लांबी, विचारली होती. संख्येला लांबी नसते. लांबी असते मजकुराला, यादीला, डिक्शनरीला.

यावर नवशिके हमखास करतात तो उपाय म्हणजे 'लेन(स्ट्र(मोबाइल))'. तो चालतो, आणि चालतो म्हणूनच घातक आहे. 'इंट' करताना सुरुवातीचे शून्य आधीच गेलेले असतात. पासकोड '०४११' टाकला तर 'इंट' त्याचा ४११ करतो, 'स्ट्र' त्याला परत '४११' करतो आणि लांबी भरते ३. वापरणाऱ्याने चार अंक टाकले, संदेश म्हणतो तीन आले. पिनकोडात हा दोष लपून राहतो, कारण भारतातला पिनकोड शून्याने सुरू होतच नाही. ४११००१ टाका, ४०३००१ टाका, सगळं सुरळीत. त्यामुळे चाचणी फक्त पिनकोडावर घेतली असेल तर कोड बरोबर आहे अशीच समजूत होते.

ठरवलं: ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही, ते संख्या म्हणून साठवायचं नाही. मोबाइल, पिनकोड, पासकोड तिन्ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर. 'इंट' काढून टाकला.

निदानाची एक ओळ प्रत्येक तपासणीच्या आधी घातली, काम संपेपर्यंत ती राहील:

प्रिंट(टाइप(क्ष), लेन(क्ष), रेप्र(क्ष))

यात 'रेप्र' महत्त्वाचा. नुसत्या 'प्रिंट'ने शेवटची स्पेस, नवी ओळ, न दिसणारी चिन्हं कळत नाहीत. 'रेप्र' अवतरणचिन्हांसकट छापतो आणि न छापता येणारी चिन्हं त्यांच्या कोडसकट उघडी करतो. अट बदलण्याआधी ही ओळ वाचायची असा शिरस्ता ठेवला आहे. लांबीच्या तपासणीत अट चुकीची असण्यापेक्षा अटीपर्यंत पोचलेला माल वेगळा असणं, हेच जास्त वेळा घडतं.

५ जून २०२५, गुरुवार

तरी अटी चुकतातच. तीन सापडल्या.

मोबाइल: 'इफ लेन(मोबाइल) < १० अँड लेन(मोबाइल) > १०'. एकाच वेळी दहापेक्षा कमी आणि दहापेक्षा जास्त काही असू शकत नाही, म्हणून ही अट कधीच खरी होत नाही आणि कोणताही मोबाइल पास होतो. बोलताना आपण 'दहापेक्षा कमी आणि दहापेक्षा जास्त चालणार नाही' म्हणतो, तेच वाक्य जसंच्या तसं कोडात उतरतं. 'ऑर' करून चाललं असतं, पण सरळ '!= १०' लिहिलं.

पासकोड: 'इफ लेन(पासकोड) == ४ ऑर ६'. ही अट नेहमीच खरी. पायथन 'ऑर'च्या दोन्ही बाजू स्वतंत्र धरतो: डावीकडे तुलना, उजवीकडे नुसता ६. शून्य सोडून कोणतीही संख्या खरी मानली जाते. बदल: 'इफ लेन(पासकोड) इन (४, ६)'.

नाव: 'इफ लेन(नाव) इन रेंज(२, ३०)'. 'रेंज' शेवटचा आकडा धरत नाही, त्यामुळे बरोबर ३० लांबीचं नाव परत येत होतं. इथे '२ <= लेन(नाव) <= ३०' असं लिहिलं. पायथनमध्ये अशी साखळी तुलना चालते आणि ती वाचता क्षणी मर्यादा कळते.

मर्यादा कोडात जागोजागी आकड्यांत पसरल्या होत्या. त्या क्लासच्या वरच्या भागात 'नाव_किमान', 'नाव_कमाल' अशा एकत्र आणल्या. तिथेच 'चुका = []' अशी एक यादीही होती. ती तिथून काढून 'इनिट'मध्ये नेली, कारण क्लासच्या पातळीवरची यादी सगळ्या ऑब्जेक्टमध्ये सामाईक असते: पहिल्या सभासदाच्या चुका दुसऱ्याच्या नावावर दिसू लागल्या होत्या. न बदलणारे आकडे क्लासच्या पातळीवर ठेवायला हरकत नाही. बदलणाऱ्या याद्या ठेवू नयेत.

९ जून २०२५, सोमवार

तपासणी नापास झाली तर काय होतं, हे आज पाहिलं. 'प्रिंट("मोबाइल चुकीचा")' होतं आणि कोड पुढे जातो. ऑब्जेक्ट बनतो, चुकीचा मोबाइल पोटात घेऊनच. दुसऱ्या एका ठिकाणी 'इनिट'मधून 'रिटर्न फॉल्स' केलं होतं. त्यावर पायथन टाइपएरर देतो, कारण 'इनिट'ने 'नन'शिवाय काही परत द्यायचं नसतं. नुसतं 'रिटर्न' केलं तर एररही येत नाही, पण अर्धवट ऑब्जेक्ट हातात पडतो. कुणाला मोबाइल आहे, पिनकोड नाही.

क्लासचं काम एकच: चुकीची माहिती असलेला सभासद जन्मालाच येऊ न देणं. म्हणून 'रेझ व्हॅल्यूएरर(...)', म्हणजे एरर देऊन तिथेच थांबणं. संदेशात काय हवं आणि काय आलं दोन्ही: 'पिनकोड ६ अंकी हवा, ५ आले'. पासकोडाच्या संदेशात मात्र टाकलेला मजकूर कधीही छापायचा नाही, फक्त लांबी. मोबाइलचेही शेवटचे दोनच अंक. एररचे संदेश लॉग फाइलमध्ये जातात आणि तिथून कुठेही पोचतात.

'असर्ट लेन(पिनकोड) == ६' असा पर्याय एका आवृत्तीत होता, तो काढला. पायथन मोठ्या ओ-च्या पर्यायाने चालवला की सगळे 'असर्ट' गळून जातात. इनपुटच्या तपासणीला 'असर्ट' वापरू नये.

मोबाइल नंतर बदलला तरी तपासणी व्हावी म्हणून प्रॉपर्टी आणि तिचा सेटर (नवी किंमत देताना आपोआप चालणारी मेथड) लिहिला. लगेच रिकर्शनएरर. सेटरच्या आत 'सेल्फ.मोबाइल = किंमत' होतं. ती ओळ परत सेटरलाच बोलावते, तो परत स्वतःला, असं करत पायथनची खोलीची मर्यादा (न बदलल्यास १०००) गाठली जाते. आत 'सेल्फ._मोबाइल' हवं, अंडरस्कोर लावून. उलट 'इनिट'मध्ये मात्र अंडरस्कोर न लावता 'सेल्फ.मोबाइल = मोबाइल' हवं, नाहीतर ऑब्जेक्ट बनताना सेटर वगळला जातो आणि तपासणी होतच नाही. या दोन ओळी दिसायला सारख्या आहेत, वागायला उलट. शिकवताना दोन्ही शेजारी-शेजारी दाखवाव्यात.

११ जून २०२५, बुधवार

कीबोर्डवरून सगळं पास, फाइलमधून वाचलेल्या नोंदी नापास. निदानाच्या ओळीने लांबी ११ दाखवली आणि 'रेप्र'मध्ये शेवटी नव्या ओळीचं चिन्ह. 'इनपुट()' ते चिन्ह काढून टाकतो, फाइलमधून ओळ वाचताना ते राहतं. 'स्ट्रिप()' घातलं तरी लांबी ११च. कारण ओळ अशी होती: 'मोबाइल.स्ट्रिप()', उत्तर कुठेच ठेवलेलं नाही. पायथनची स्ट्रिंग जागच्या जागी बदलत नाही, मेथड नवी स्ट्रिंग देते. 'मोबाइल = मोबाइल.स्ट्रिप()' केल्यावर १०.

फक्त पहिली ओळ तरीही ११. 'रेप्र'ने सुरुवातीला 'बॉम' दाखवला, विंडोजमधले काही प्रोग्रॅम यूटीएफ-८ फाइलच्या डोक्यावर ठेवतात ते न दिसणारं चिन्ह. 'स्ट्रिप' त्याला मोकळी जागा मानत नाही, म्हणून काढत नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दिलं की ते वाचतानाच गळतं, आणि चिन्ह नसलेल्या फाइलीही त्याच एन्कोडिंगने बिनबोभाट उघडतात.

देशाचा कोड: काही क्रमांक +९१ लावून येतात. तो काढायला 'एलस्ट्रिप("+९१")' वापरलं होतं. 'एलस्ट्रिप' तो शब्द काढत नाही, त्या तीन चिन्हांपैकी जे जे सुरुवातीला सापडेल ते सगळं काढत जातं. '+९११२३४५६७८९०' या नमुन्यातून '२३४५६७८९०' उरतं, नऊच अंक, कारण पुढचा १ सुद्धा गेला. भारतात मोबाइल ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे ९ ने सुरू होणारा प्रत्येक क्रमांक यात तोकडा होणार आणि ७-८ चे सुखरूप सुटणार. काही नोंदी पास, काही नापास, आणि लांबीचा दोष असा धरसोड दिसतो तेव्हा कापाकापीची ओळ आधी बघावी. पायथन ३.९ पासून 'रिमूव्हप्रीफिक्स' आहे, ते वापरलं.

क्रम पक्का केला: स्ट्रिप, मधल्या स्पेस आणि हायफन काढणे, +९१ काढणे, मग लांबी, मग अंक आहेत का, शेवटी पहिला अंक.

१६ जून २०२५, सोमवार

नाव. या क्लासमधलं सगळ्यात अवघड काम हेच, आणि पायथनच्या बहुतेक प्राथमिक धड्यांत याचा उल्लेखही नसतो.

नावात फक्त अक्षरं हवीत म्हणून 'इझअल्फा()' लावलं होतं. चाचणीचं नाव 'कमल', पास. 'राम', नापास. 'भरत' पास, 'सीता' नापास. कारण युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक) क, म, ल ही अक्षरं म्हणून नोंदलेली आहेत, पण काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही 'मार्क' गटात आहेत. 'इझअल्फा' प्रत्येक चिन्ह अक्षर आहे का विचारतो आणि कान्यापाशी अडतो. म्हणजे मराठीत ज्या नावाला एकही मात्रा नाही तेवढीच नावं पास होणार. रेग्युलर एक्सप्रेशनमधल्या (मजकुरातला नमुना शोधण्याची भाषा) बॅकस्लॅश-डब्ल्यूचंही तेच, पायथनच्या 're' मॉड्यूलमध्ये तोही कान्याला जुळत नाही.

दुरुस्ती: 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमधलं 'कॅटेगरी(च)' प्रत्येक चिन्हाचा गट सांगतं. गटाचं पहिलं रोमन अक्षर एल (अक्षर) किंवा एम (मार्क) असेल तर चालेल, शिवाय स्पेस, टिंब, हायफन. चिन्हं जोडणारा जॉइनर (स्वतः न दिसणारं चिन्ह) वेगळ्या गटात येतो, त्याचं पुढे.

आता लांबी. 'लेन' अक्षरं मोजत नाही, कोड पॉइंट, म्हणजे युनिकोडमधलं एकेक चिन्ह, मोजतो. 'पुणे' चार. 'श्री' सुद्धा चार: श, हलन्त, र, वेलांटी. 'ज्ञानेश्वर' दहा, वाचणाऱ्याला मात्र चारच दिसतात: ज्ञा, ने, श्व, र. चाचणीसाठी मुद्दाम जोडाक्षरांचं नाव रचलं: 'त्र्यंबकेश्वर लक्ष्मीनारायण क्षीरसागर'. डोळ्यांना सोळा अक्षरं आणि दोन स्पेस. 'लेन' म्हणतो ३७. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणून बाइट १०७. मर्यादा ३०, म्हणजे नाव नापास, आणि वापरणारा मोजून म्हणणार की यात अठराच आहेत. त्याचं मोजणं बरोबरच आहे.

त्याहून बारीक प्रकार: 'कऱ्हाडकर'. यातला ऱ्ह तीन तऱ्हांनी टंकला जातो. ऱ हे एकच चिन्ह वापरलं तर 'लेन' ८. र आणि खाली नुक्ता (टिंब) वेगळा टंकला तर ९. र, हलन्त आणि जॉइनर अशा रीतीने टंकला तरी ९. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखी, '==' लावलं तर तिन्ही वेगळी. लांबीची गोष्ट बाजूला ठेवली तरी एकाच माणसाची तीन कार्डं निघतील. 'युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ'ला 'एनएफसी' (सुटी चिन्हं शक्य तिथे एकत्र करणारी पद्धत) दिलं की नुक्त्याचा प्रकार पहिल्यात मिसळतो. जॉइनरचा मिसळत नाही. त्यासाठी 'र + हलन्त + जॉइनर' ही तिकडी 'ऱ + हलन्त' मध्ये बदलणारी एक 'रिप्लेस' ओळ लिहिली. त्यापलीकडे उरलेले जॉइनर नावात राहू दिले, काही नावांची मांडणी त्यांच्यावर असते.

अक्षरं डोळ्यांना दिसतात तशी मोजणारं बाहेरचं पॅकेज आहे, पण जोडाक्षर एक धरायचं की दोन हे त्या पॅकेजमधल्या युनिकोडच्या आवृत्तीवर ठरतं: देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम १५.१ पासून आला. या प्रकल्पात पॅकेज न आणता मर्यादाच सैल केली. नाव: नॉर्मलाइझ केल्यानंतर 'लेन' २ ते ८०. आणि नावाच्या संदेशातून आकडा काढून टाकला. पिनकोडात 'सहा हवेत, पाच आले' हे वापरणाऱ्याच्या मोजण्याशी जुळतं, नावात कधीच जुळणार नाही. संदेश: 'नाव जागेपेक्षा मोठं आहे, मधलं नाव आद्याक्षराने लिहा'.

अंकांची दुसरी बाजूही आजच पाहिली. मोबाइल देवनागरीत टंकला तरी 'इझडिजिट()' खरं म्हणतो, 'लेन' १० देतो, 'इंट()' सुद्धा तो बिनतक्रार वाचतो. साठवण मात्र देवनागरीत होते आणि रोमन अंकांनी शोधलं तर सभासद सापडत नाही. आणखी एक: वर लिहिलेला वर्गाचा छोटा २ 'इझडिजिट'ला चालतो, 'इंट'ला चालत नाही. म्हणून 'इझडेसिमल()' वापरलं, आणि त्याआधी 'स्ट्र.मेकट्रान्स'ने देवनागरी ते रोमन असा दहा अंकांचा तक्ता करून 'ट्रान्सलेट' केलं. वापरणाऱ्याला त्याच्या कीबोर्डवरून जे अंक येतात ते टाकू द्यावेत, बदलायचं काम क्लासने करावं. तक्त्यानंतर 'इझअस्की()' लावलं की इतर लिप्यांचे अंक बाहेर राहतात.

१९ जून २०२५, गुरुवार

'इनपुट' क्लासच्या आत होता, तो बाहेर काढला. आत असला की प्रत्येक चाचणी कुणीतरी काहीतरी टंकण्याची वाट बघत थांबते.

पुन्हा विचारण्याचं फंक्शन चूक झाली की स्वतःलाच बोलावत होतं, पण 'रिटर्न' न लावता. पहिल्या फटक्यात बरोबर टाकलं तर ठीक, दुसऱ्यांदा बरोबर टाकलं तर हाती 'नन', आणि पुढे 'लेन'ची तक्रार. 'व्हाइल ट्रू' केलं. आत 'ट्राय', चूक आली तर संदेश, नाहीतर 'रिटर्न'. 'एक्सेप्ट' नुसता न ठेवता 'एक्सेप्ट व्हॅल्यूएरर' लिहिला. नुसता 'एक्सेप्ट' कंट्रोल-सीसुद्धा गिळतो, मग प्रोग्रॅम थांबवायला खिडकीच बंद करावी लागते.

चाचण्या पायथनच्या 'युनिटटेस्ट' मॉड्यूलमध्ये, प्रत्येक मर्यादेच्या दोन्ही बाजूंना. मोबाइल ९, १०, ११ अंकी. पासकोड ३, ४, ५, ६, ७. यातला ५ विसरू नये, 'ऑर ६' सारखी चूक आणि '४ ते ६' असा गैरसमज दोन्ही त्यावरच पकडले जातात. नाव: रिकामं, नुसत्या स्पेस, १, २, ८०, ८१. नावांच्या यादीत 'कमल', 'राम', 'श्री' आणि तिन्ही तऱ्हांचा 'कऱ्हाडकर' कायमचे. प्रत्येक नमुना 'सबटेस्ट'मध्ये, म्हणजे एक नापास झाला तरी बाकीचे चालतात आणि यादीतला नेमका कोणता अडला ते दिसतं.

२४ जून २०२५, मंगळवार

साठवण एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये. टेबलात नावासाठी 'व्हारचार(८०)' लिहिलेलं होतं, त्यावर विसंबू नये: एसक्यूलाइट कंसातला आकडा पाळत नाही, कितीही मोठा मजकूर बिनबोभाट घेतो. 'चेक(लेंग्थ(नाव) <= ८०)' घातलं. त्याचा 'लेंग्थ' मजकुराचे कोड पॉइंटच मोजतो, म्हणजे पायथनच्या 'लेन'शी मेळ बसतो. मोबाइल आणि पासकोडाचे रकाने 'टेक्स्ट' केले. ते 'इंटिजर' राहिले असते तर ३ जूनला वाचवलेले शून्य इथे पुन्हा गेले असते. '०४११' टाकून, परत वाचून, 'रेप्र' पाहिला: चार अंक, शून्यासकट.

निदानाच्या ओळी काढल्या. बाकी: पासकोड उघडा साठवला जातोय, तो हॅश करून (उलट न फिरवता येणाऱ्या, ठरावीक लांबीच्या मजकुरात बदलून) ठेवायचा. तेव्हा लांबीची तपासणी हॅशच्या आधीच हवी, नंतर प्रत्येकाची लांबी सारखीच भरेल.